गोऱ्यांची मशीद

"इथे मशीद कधीच नव्हती," ओर्ना म्हणाली आणि तिने पेनाला टोपण लावलं.

इस्रायलमधल्या हैफाच्या बंदरामागचं इंग्रजांचं चर्च. छप्पर कधीच गेलेलं, आता भिंतीही पाडायच्या होत्या. त्याआधी इतिहास लिहून ठेवावा म्हणून नगरपालिकेने ओर्नाला धाडलं होतं. ते ऐकून पनीनाबाई मुलाला घेऊन आल्या होत्या. बाईंचं हिब्रू भाजी घेण्यापुरतं आणि गिदोनचं मराठी आईच्या शिव्या कळण्यापुरतं.

बाईंनी त्याला कोपराने ढोसलं. "काय सांगितलंस तिला?"

"आजोबांनी मिसगाद बांधली. मुसलमान लोकांची. तूच मशीद म्हणालीस ना, इमा!" गिदोन आईवर वैतागला.

"अरे मेल्या! मुंबईत आपण ज्यू लोक आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणायचो."

गिदोनने घाईघाईने दुरुस्ती केली. ओर्ना हसली. सिनेगॉगही इथे नव्हतं.

"नीट सांग तिला," बाई म्हणाल्या. "माझे वडील सुतार. पहिली मोठी लढाई संपल्यावर इंग्रज सरकारच्या कामावर आले इकडे. पत्रात लिहिलं, हैफाला गोऱ्यांची मशीद बांधतो. देवाच्या घराला दुसरा शब्द कुठे ठाऊक त्यांना? हीच ती."

ओर्नाने टोपण काढलं. दानियल झिराडकर, सुतार, मुंबई. नाव कागदावर उतरताना बाई बघत राहिल्या. वडील निघाले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या. छप्पन्न वर्षांत वडिलांचं नाव असं कुणी विचारून लिहून घेतलं नव्हतं.

"पत्रात आणखी काय होतं?" ओर्नाने विचारलं.

"छप्पर झालं की घरी यायला निघतो."

ते शेवटचं पत्र. नातेवाईक म्हणत, तिकडे दुसरा संसार थाटला असणार. आई म्हणायची, छप्पर राहिलं असेल अजून. मरेपर्यंत तिने ते सोडलं नाही. पनीनाबाईंना वडील हवे होते, पण सोडून गेलेले नको होते.

त्यांनी वर पाहिलं. भिंतींमध्ये नुसतं आभाळ होतं.

"विचार तिला, छप्पर कधी पुरं झालं होतं का?"

ओर्नाने जुने कागद चाळले. झालं होतं. एकोणीसशे बावीस, एप्रिल.

गिदोनने सावकाश, एकेक शब्द शोधत, मराठीत सांगितलं.

पनीनाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"म्हणजे निघाले असतील रे."