तोईयाचं पीस

वर्गात सगळे 'पोपटवाली' म्हणून चिडवायचे, पण आज चक्क डॅडींनीच विचारलं, "बघू गं, कसलं पीस आणलंस?" जोआनाला आभाळ ठेंगणं झालं.

"डॅडी, हा साधा पोपट नाही हां! शेपटीचं पीस निळं आणि टोकाला पांढरं, म्हणजे तोईया. जंगलातला!"

"अच्छा! मिळालं कुठे?"

"तुंगारेश्वरला. ओढ्याकाठच्या सावरीच्या ढोलीत पिल्लं आहेत. पण कुणाला सांगायचं नाही हां, लोक पकडून विकतात."

"वेडी की काय? मी कशाला सांगू?"

जोआना उड्या मारतच आत गेली. मागून डॅडींचा फोनवरचा दबका आवाज आला, "उद्याच पिंजरा घेऊन या. अहो, तोईयाच आहेत. माझी पोरगी कधी चुकत नाही."