म्हातारीचा मालक

"म्हातारी? तुझ्या नावावर?" जाझगुलचा हात पिठातच थांबला.

"माझ्याच." एर्मेक मुलीला, सेझिमला, मांडीवर घेऊन चहात पाव बुडवत होता. "आज हुकूम वाचून दाखवला."

म्हातारी म्हणजे छावणीतली सगळ्यात जुनी चिलखती गाडी. गेल्या हिवाळ्यात उतारावर तिचे ब्रेक गेले आणि एका जवानाचा पाय गेला. गाडी ज्याच्या नावावर होती, त्या मेकॅनिकला शिक्षा झाली. त्याची बायको बुरमा खालच्याच मजल्यावर राहायची. दर रविवारी ती डबा घेऊन तुरुंगाची बस पकडायची.

छावणीचा नियम साधा होता. प्रत्येक गाडी एका माणसाच्या नावावर. तिचं तेल, तिचे ब्रेक, तिचा शेवटचा नट, सगळ्याला तोच जबाबदार.

"आणि तू 'हो' म्हणालास?"

"कुणीतरी घ्यायचीच ना."

"मग दर वेळी तो कुणीतरी तूच का? तोंड नाही तुला?"

"अगं, ती जागची हलतसुद्धा नाही. उभी गाडी कुणाला मारते?" तो हसला आणि मुलीच्या हनुवटीवरचा चहा पुसू लागला.

त्या दिवसापासून जाझगुलची झोप उडाली. सेझिमने कूस बदलली तरी ती दचकून उठायची. एर्मेक मात्र मजेत. दुपारी जेवायला घरी येई, मुलीला आंघोळ घाली. दोस्त त्याला 'म्हातारीचा नवरा' म्हणून चिडवत, तर तोही म्हणे, "तुमच्या तरण्या गाड्यांपेक्षा माझी बरी. रुसून बसते, पण पळून जात नाही."

जाझगुलचा भाऊ ओश शहराच्या बाजारात सुट्या भागांचं दुकान चालवायचा. "कसले भाग लागतात सांग," ती म्हणाली, "तो उद्याच्या गाडीने पाठवेल. एकदाची दुरुस्त कर आणि सुटका करून घे."

"सरकारी कामात घरचा नट नको. येतील भाग यायचे तेव्हा."

"कधी मागवलेत?"

"मागवलेत गं." त्याने विषय बदलला.

वर सीमेवरच्या ठाण्यांवर तेव्हा पुन्हा गोळीबार सुरू झाला होता. छावणीतून माणसं आळीपाळीने वर जात. एर्मेकची पाळी अजून आली नव्हती. जाझगुलला त्याची चिंता नव्हती असं नाही, पण वरचं संकट दूर होतं. म्हातारी खिडकीतून दिसायची.

मग बातमी आली की तपासणी पथक येणार. बुरमा जिन्यात भेटली. "त्यांनी आमच्याही वेळी आधी हसून चहा घेतला होता," एवढंच ती म्हणाली आणि खाली उतरली.

जाझगुलने कणकेचे बोर्सोक तळले, फडक्यात बांधले, सेझिमला कडेवर घेतलं आणि थेट मेजर साद्यरोवच्या कचेरीत गेली.

"बायके," ती म्हणाली, थोरल्या भावाला म्हणतात तसं, "माझ्या नवऱ्याच्या नावावरून ती गाडी काढा."

मेजरने पुडकं उघडलं नाही. "एर्मेकला ठाऊक आहे तू आलीस ते?"

"नाही. त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. म्हणून मी आले."

मेजरने दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर कारकून बसला होता. "घरी विचारून ये, मुली."

"त्यात विचारायचं काय? हिचा बाप आत गेला तर हिला मी कुणाच्या दारात नेऊ?" तिचा आवाज चढला. कडेवरची सेझिम रडू लागली. "बुरमाकडे बघा. बघवतं का तिच्याकडे? तुम्हाला लेकी नाहीत?"

"आहेत." मेजरने पेन उचललं. "एकदा नाव काढलं की मला ते परत घालता येणार नाही. नीट विचार केलास?"

"परत कशाला घालाल? दुसरं कुणी मिळत नसेल तर..."

"मिळतात. बरेच मिळतात. रांग आहे."

तिला वाटलं, मेजर टोमणा मारतायत. तिने डोळे पुसले आणि कितीतरी दिवसांनी हसली. "मग द्या की त्यांना!"

मेजरने सही केली. बोर्सोकचं पुडकं मात्र त्याने तिच्या हातात परत दिलं.

घरी आल्यावर तिने मटण चुलीवर चढवलं. सेझिमला नवा फ्रॉक घातला. एर्मेक भरदुपारी आला आणि बूट न काढताच खाटेवर बसला. असं तो कधी करत नसे.

"म्हातारी काढली माझ्याकडून," तो म्हणाला.

"माहीत आहे!" ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "मीच गेले होते मेजरकडे. रागावू नकोस. आता कुणी तुला धरणार नाही. सुटलास तू."

तो रागावला नाही. त्याने सेझिमला उचललं, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

"ज्याची गाडी हलत नाही, त्याला वर पाठवत नाहीत, जाझगुल," तो म्हणाला. "सेझिम झाली, तेव्हापासून मी अशी गाडी मागत होतो."

बाहेर वर जाणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजला.