थोरल्या बाईसाहेबांची परवानगी

“काय म्हणाल्या? अगं, पटकन सांग ना!” सासूबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

पडद्यावर हवेलीच्या थोरल्या बाईसाहेब काठी आपटत आपल्या विधवा सुनेला बजावत होत्या, की त्या डॉक्टरशी लग्न करायचं असेल तर या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. माझ्या मुलाला इतक्या लवकर विसरलीस?

इकडे सासूबाईंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेने रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवलं.

“म्हणाल्या, माझा मुलगा गेला यात तुझा काय दोष? तुझ्यापुढे सगळं आयुष्य पडलंय. तुला आवडतोय ना तो, मग खुशाल कर लग्न.”

“मग काठी का आपटतायत?”

“आनंदाने.”

सासूबाईंनी मान डोलावली. “चेहरा मेला कारल्यासारखा, पण मनाने मोठी हो बाई!”

दोघींना या जुन्या काळच्या इंग्रजी मालिकांचं वेड होतं. टोप्या, हातमोजे, घोडागाड्या, चांदीच्या तबकातून येणारी पत्रं. अशा अकरा मालिका त्यांनी संपवल्या होत्या, त्यातल्या दोन तर तीन-तीनदा. सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण उमरावाच्या धाकट्या मुलाला इस्टेटीतलं काही मिळत नाही हे पाठ होतं. तळघरातली स्वयंपाकीण आजारी पडली की यांना जेवण जायचं नाही. पात्रांना नावंही त्यांचीच: थोरल्या बाईसाहेब, लांबनाक्या, आणि ती विधवा सून म्हणजे रडूबाई.

हा नाद लावला त्यांच्या मुलाने. शेजारी बसून तोच वाक्यावाक्याला मराठी करून सांगायचा. तो जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या खुर्चीत सून बसू लागली आणि शब्दाला शब्द इमानाने सांगू लागली. गेल्या महिन्यापर्यंत तरी.

सून चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. मागच्या खोलीत भिंगं घासणाऱ्याने गेल्या महिन्यात तिला लग्नाचं विचारलं. तो पहिल्या तारखेला दुसऱ्या गावच्या दुकानात जाणार होता, त्याआधी त्याला उत्तर हवं होतं. तिच्या मनात होकारच होता. पण घरी सांगायचा धीर होत नव्हता. मुलगा गेला, आता सूनही निघाली, हे त्या म्हातारीला कसं ऐकवायचं?

म्हणून तिने थोरल्या बाईसाहेबांना कामाला लावलं.

रोज थोडंथोडं. टोमण्यांचं कौतुक झालं, शिव्याशापांचे आशीर्वाद झाले. तिला स्वतःची लाज वाटायची. नवऱ्याच्या खुर्चीत बसून ती त्याच्याच आईला फसवत होती. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच करायची.

सासूबाई मात्र या मालिकेत भलत्याच रंगल्या होत्या.

“लोक नावं ठेवत नाहीत का तिला?”

“सुरुवातीला ठेवतात.”

“आणि मग?”

“मग कंटाळतात.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या, आणि तो प्रसंग त्यांनी परत लावायला सांगितला.

एकदा घाईघाईत सुनेने रडूबाईच्या तोंडी डॉक्टरला ‘तू’ घातलं. सासूबाई ताठ बसल्या.

“कालपर्यंत ‘तुम्ही’ म्हणत होती. आज एकदम ‘तू’?”

सुनेचे कान तापले. इंग्रजीत तू काय नि तुम्ही काय, एकच. हा ‘तू’ थेट भिंगांच्या खोलीतून तिच्या जिभेवर आला होता.

“जवळीक वाढली की येतं तोंडात.”

“असं होय? आणि जीभ नाही अडखळत?”

एवढं विचारून त्या छताकडे बघू लागल्या. आपलं बिंग फुटलं, याबद्दल सुनेला शंका उरली नाही.

त्या आठवड्यात सासूबाई मोजकंच बोलल्या. भिंतीवरचं घड्याळ पिशवीत घालून तिसऱ्यांदा घड्याळवाल्यांकडे दुरुस्तीला घेऊन गेल्या, त्या दोन तासांनी परतल्या.

“चांगलं चालत होतं की ते,” सून म्हणाली.

“मिनिटभर मागे पडतं.” त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

माझ्यासोबत घरात बसणंसुद्धा नको झालंय यांना, सुनेला वाटलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हे गप्प राहणं तिला सोसेना.

रविवारी शेवटचा भाग होता. रडूबाई घोडागाडीत बसून निघून गेली. थोरल्या बाईसाहेबांनी खिडकीचा पडदा ओढला आणि त्या दोन शब्द पुटपुटल्या. सासूबाई वाट बघत होत्या. सुनेच्या तोंडून खरंही निघेना, खोटंही. तिने टीव्ही बंद केला.

“आई, मला काहीतरी सांगायचंय. या बाईसाहेब जे बोलल्या ना, ते खरं म्हणजे...”

“थांब. आधी मी बोलते, नाहीतर माझा धीर जाईल.” सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “त्यांनी सुनेला लग्नाची परवानगी दिली. इतके दिवस ऐकतेय मी. मी काही बहिरी नाही.”

“आई, चुकलं माझं. मी...”

“तुझं काय चुकलंय? ऐक तर.” त्यांनी मान खाली घातली. “मला ती तुझ्याकडून हवीय.”

“काय?”

“परवानगी. त्या घड्याळवाल्यांनी मागणी घातलीय मला. दोन वर्षं मी त्यांना नाहीच म्हणत आलेय गं, तू एकटी पडशील म्हणून.”