आईचा रकाना

"एकच नाव बसतं," कारकूनबाई म्हणाल्या. "बाप एक, आई एक. यांचं घालायचं तर आधीचं पुसावं लागेल."

शाळेच्या कचेरीत तिघं उभी होती. प्रोग्रॅमर, त्याची नवी बायको, आणि दोघांच्या मधे त्याची लेक ठकी. सोमवारपासून ठकीला घरी न्यायला नवी बायको येणार होती, आणि ज्याचं नाव संगणकात नाही त्याच्या हाती शाळा मूल देत नव्हती. एवढंसंच तर काम. पण आईच्या रकान्यात ठकीच्या आईचं नाव होतं. ती आता जगात नव्हती; त्या पडद्यावर तेवढी उरली होती.

"आधीच सांगून ठेवते," बाईंनी चष्मा कपाळावर सारला. "एकदा पुसलं की मागचंही गेलं. पहिलीची गुणपत्रिका काढली तरी तिच्यावर हेच नवं नाव छापून येणार. जुनं ठेवायची सोयच केलेली नाही मेल्यानं."

"कुणी?" ठकीनं विचारलं.

"ज्यानं हे बनवलं त्यानं. एकदा आणून बसवा म्हणावं त्याला माझ्या खुर्चीत. सगळ्या लेकरांची घरं काय एका साच्यातून काढलेली असतात?"

नव्या बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. शाळेचा अख्खा डेटाबेस आपण उभा केला, हे त्यानंच तिला लग्नाआधी कौतुकानं सांगितलं होतं. तिच्या त्या न पाहण्यानं त्याचे कान तापले. पाहिलं असतं तर परवडलं असतं. पालकांचा तक्ता वेगळा ठेवू, मग मुलाला हवी तितकी माणसं जोडता येतील, असं तेव्हा सोबत काम करणारीनं सुचवलं होतं. "आया किती असणार गं एकाला?" म्हणून तो हसला होता. तीही हसली होती, मान ठेवायला.

ठकीनं टेबलाची कड घट्ट धरली. "माझ्या आईचं नाव पुसायचं नाही."

"नाही गं माझ्या राणी, कोण पुसतंय?" नवी बायको म्हणाली. ठकी तिला मावशी म्हणायची. तिनं ठकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाईंकडं वळली. "मुलांना न्यायला ड्रायव्हरही येतात ना हो? त्यांची नावं कुठं असतात?"

"त्यांची काही अडचण नाही. त्यांची यादीच निराळी. एका मुलाला दोन घाला, चार घाला. जुना सोडून गेला तरी त्याचं नाव राहतं, कधीपासून कधीपर्यंत होता ते सुद्धा."

ड्रायव्हर बदलतात, हे मात्र प्रोग्रॅमरच्या तेव्हा बरोब्बर लक्षात आलं होतं.

"मग मला ड्रायव्हर करा," नवी बायको म्हणाली.

"अहो, काहीतरीच काय! घरच्या बाईला ड्रायव्हर?"

"पोर घरी पोचली म्हणजे झालं. घाला."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि बोटं चालवली. "गाडीचा नंबर?"

"गाडी कुठली आलीय? रिकामं सोडा."

"ते रिकामं राहत नाही," प्रोग्रॅमर बोलून गेला. इथं आल्यापासून त्यानं तोंड उघडलं ते हे. "पुढं जाऊच देत नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

त्यानं लेकीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "मीच बनवलंय."

बाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. आता त्या तोंड सोडतील म्हणून तो अंग चोरून उभा राहिला. त्या मात्र उठल्या आणि खुर्ची त्याच्याकडं सरकवली. "बसा."

तो बसला. "बाई, बदलून देतो मी. पालकांचा तक्ता वेगळा करतो, जुनी नावं राहतील, आठवडाभरात सगळं..."

"कराल हो आठवड्यानं. सोमवारी पोर दारात ताटकळेल त्याचं काय? लिहा."

त्यानं बायकोचं नाव लिहिलं. पुढच्या चौकटीशी बोटं अडली. "लोक काय लिहितात इथं?"

"शून्य. गाडी विकलेले, पायी येणारे, सगळे शून्यच लिहितात. तुमच्या कृपेनं निम्म्या गावाची गाडी एकच आहे."

नवी बायको हसली. ठकीही हसली. त्यानं शून्य लिहिलं.

बाईंनी टेबलावरच्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो टिपला आणि यंत्रातून कार्ड बाहेर आलं. वर फोटो, खाली नाव, नावाखाली ठळक अक्षरांत ड्रायव्हर. तिनं ते गळ्यात घातलं, पदरानं पुसून सरळ केलं.

"मावशी, पण तुला गाडी कुठं येते?"

"तुझ्या बाबांना हाकतेय ना, तेवढं पुरे झालं."

पटांगण ओलांडून तिघं फाटकाशी आली. पहारेकऱ्यानं तिच्या गळ्यातलं कार्ड वाकून वाचलं. "ड्रायव्हरनी मागच्या दारानं जायचं, ताई. पुढचं पालकांचं."

"अहो, ती माझी..." प्रोग्रॅमर पुढं झाला.

"साहेब, कार्डावर आहे तेच मी मानणार. मला काय कळतंय त्यातलं?"

तोवर ती वळलीसुद्धा होती, भिंतीच्या कडेकडेनं, मागच्या दाराकडं. ठकीनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं. मग दप्तर सावरत, "मावशी, थांब गं," म्हणत ती तिच्यामागं पळाली.

पहारेकऱ्यानं मोठं फाटक सताड उघडलं आणि अदबीनं बाजूला झाला.

"या साहेब."