विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा

हेडमास्तर तासभर पोरींना बजावत होते, "लॅपटॉपजवळ पाणी नाई, चहा नाई, ओला हात तर लावायचाच नाई." आश्रमशाळेत खिचडी रांधणारी मी दारातून ऐकत होते. मग त्यांनी लॅपटॉप वाटपाच्या शुभारंभाचा नारळ लॅपटॉपांच्याच टेबलावर आपटून फोडला. पाणी थेट माझ्या लेकीच्या, नंदिनीच्या वाट्याच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपात शिरलं. तो सुरूच होईना. हेडमास्तरांनी लगेच कागद लिहिला: विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणाने बिघाड, दुसरा लॅपटॉप मिळणार नाही. "कर सही." "सर, मी त्याले अजून हातबी नाई लावला," पोरगी रडकुंडीला आली. "म्हणूनच तर! पाणी पडल्यावर पुसला काऊन नाई?" एवढा शिकलेला माणूस, अन् अक्कल नारळाच्या शेंडीएवढी. मी पदराला हात पुसून कोरडे केले, त्यांनी स्वतःसाठी बाजूला ठेवलेला लॅपटॉप उचलून सरळ नंदिनीला दिला. "कागदावर सही तुमी करा सर, नारळ तुमीच फोडला."