ज्ञानू हेळव्याची वही

“म्हणजे ही रूथ त्यांच्या पोटची नव्हेच,” सोनल लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, आणि चंदनाच्या हातातली भाकरी तव्यात वाकडी पडली.

“कोण रूथ?”

“टॅकेटांची. अगं, ते डोंगर ओलांडून केंटकीत आलेले. महिनाभर त्यांचीच तर वंशावळ लावतेय.”

सोनल हेच काम करायची. कसबा बावड्यातल्या घरात बसून अमेरिकेतल्या लोकांना त्यांचे खापरपणजोबा शोधून द्यायचे. दोनशे वर्षांपूर्वी जंगल तोडून वसलेली कुटुंबं, त्यांच्या जमिनी, मृत्युपत्रं, जनगणनेच्या याद्या. चंदनाला त्या मेलेल्या गोऱ्यांचा मनापासून राग यायचा. पण पोरगी हुशार निघाली, त्याला आई काय करणार?

“कशावरनं म्हणतीस?”

“लग्नाला सोळा वर्षं झाली, मूल नाही. मग एकदम एक मुलगी, नंतर पुन्हा कोणी नाही. अशी फट दिसली की शोधायचं. शेजारच्या वस्तीत एक जोडपं तापानं गेलं होतं, त्यांचं बाळ यांनी आणलं.”

चंदनाच्या लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर सोनल घरात आली होती. मिरजेच्या एका दवाखान्यातून, नऊ दिवसांची. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सांगायचं राहून गेलं असं नव्हे, सांगायचंच नाही असं चंदनानं ठरवलं होतं. कळल्यावरही पोरगी आई म्हणेल, पण आधी क्षणभर थांबून म्हणेल. तो क्षण चंदनाला नको होता.

“त्या म्हातारीला सांगू का?” सोनलनं विचारलं. “काम तिनंच दिलंय, ओहायोत असते. टॅकेटांचं रक्त म्हणून फार अभिमान आहे तिला. मागितलाय मात्र फक्त जमिनीचा कागद.”

“मग कागद दे आणि गप बस.”

“आणि खरं काय ते?”

“ह्या वयात खरं घिऊन काय करंल ती? सुखानं हाय तशी ऱ्हाऊ दे की.”

सोनलनं लॅपटॉपवरून मान उचलून तिच्याकडं बघितलं. मग म्हणाली, “बरं. नाही सांगत.”

त्या म्हाताऱ्या बाईचं निस्तरलं, पण चंदनाचं घोडं पुढंच अडलेलं होतं. रविवारी ज्ञानू हेळवी येणार होता.

हेळव्याकडं घराण्याची वही असते. तीन-चार वर्षांनी तो दारात येतो, मूळ पुरुषापासून सगळी नावं वाचून दाखवतो, नवे जन्म लिहून घेतो आणि धान्य घेऊन जातो. हेळव्यापुढं खोटं बोलायचं नाही, हा चंदनाच्या सासऱ्यांचा बाणा. त्यांनी सोनलच्या वेळी खरं तेच लिहायला लावलं होतं. तेव्हापासून हेळवी यायचा म्हटलं की चंदना पोरीला कधी आत्याकडं, कधी सहलीला पिटाळायची. पुढं ती पुण्याला शिकायला गेली, तेव्हा आपोआपच भागलं. आता मात्र पोरगी दिवसभर घरात.

“तू बस की ऐकायला,” नेमगोंडानंच लेकीला आग्रह केला होता. चंदना त्यावरून नवऱ्याशी भांडली.

“कळलं तर कळलं. कवा ना कवा कळायचंच की,” तो म्हणाला आणि उसाला पाणी पाजायला निघून गेला.

शनिवारी तिला राहवेना. “आक्काकडं जाऊन येतो,” असं सोनलला सांगून तिनं हातकणंगल्याची एसटी धरली.

ज्ञानू तिथं एका देवळाजवळ उतरला होता. सत्तरीचा माणूस, वह्यांचे गठ्ठे उन्हात घालून बसलेला. चंदनानं एका दमात सगळं सांगितलं. तेवढी एक ओळ वाचू नका, हात जोडतो तुमच्यापुढं, म्हणाली.

“बरं, वैनी,” ज्ञानू म्हणाला.

एवढंच. कारण विचारलं नाही, नवल केलं नाही. परत येताना तेच तिला खुपत राहिलं. म्हाताऱ्यानं ऐकलं तरी होतं का? उद्यापर्यंत त्याच्या लक्षात राहील का?

रविवारी सकाळी सोप्यात सतरंजी अंथरली. ज्ञानूनं वही उघडली आणि हेल काढून वाचायला लागला. मगदूम घराण्यातला कोण कुठून आला, कुणी विहीर पाडली, कुणाच्या किती लेकी कुठं दिल्या. चंदना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. सोनलचं वहीकडं लक्षच नव्हतं. ती सारखी चंदनाकडं बघत होती. पोरीला संशय आला, चंदनाला वाटलं, आता संपलंच सगळं.

“नेमगोंडाची बायको चंदना, कागलच्या चौगुल्यांची लेक,” ज्ञानूनं वाचलं. त्याचं बोट ओळीवर थांबलं.

“त्यांची लेक सोनल,” असं म्हणून त्यानं पान उलटलं. “वंश वाढू दे, कल्याण होऊ दे.”

सोनल उठली, चंदनाच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, “आई, चहा टाकते.” मध्ये कुठंही न थांबता. चंदनाला रडू आलं ते तिनं खोकल्यावर ढकललं.

मग ती स्वतः ज्वारीचं पोतं घेऊन बाहेर गेली. ज्ञानू मोटरसायकलला वह्या बांधत होता.

“मामा, लई उपकार झालं,” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं, तुमी इसरला.”

“इसरतोय कसा, वैनी? तुमी यायच्या दोन दिस आधी तुमची लेक येऊन गेल्ती की. म्हणाली, मामा, ती ओळ वाचू नका. मला ठावं हाय हे आईला कळलं, तर तिला सोसायचं न्हाय.”