टेप मागे फिरते

नवा टेप ड्राइव्ह रुग्णालयाच्या युनिक्स संगणकाने ओळखला. पण पद्मजाने चाचणीसाठी टेपवर एकापाठोपाठ लिहिलेल्या तीन फाइलींपैकी वाचताना एकच सापडली. शेवटची.

तिने केबल काढून पुन्हा बसवली. टेप बदलली. तेच. शेवटी मॅन्युअल उघडलं. युनिक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात. एक नाव वापरलं तर फाइल लिहून झाली की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसरं वापरलं तर आहे तिथेच थांबते. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिलं नाव होतं. दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जात होती, तिसरी दुसरीवर.

स्क्रिप्ट जुनीच होती. सहा वर्षांपूर्वी तिनेच लिहिलेली.

तीन वर्षांपूर्वी परळच्या या रुग्णालयातली डिस्क जळाली, तेव्हा टेपवर फक्त औषधांच्या साठ्याची फाइल मिळाली होती. रुग्णांच्या नोंदी नाहीत, तपासण्यांचे अहवाल नाहीत. चौकशीत तिने शांतपणे सांगितलं होतं, "टेप गुणाजी हाताळतात." गुणाजींना मेमो मिळाला, बढती गेली, तळघरातल्या फाइलींत बदली झाली. या महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते, तो मेमो घेऊनच.

दार ढकलून गुणाजीच आत आले. हातात नोंदवह्यांचा गठ्ठा.

"मॅडम, तळघर रिकामं करतोय. ह्या रद्दीत काढायच्यात, तुमची सही लागते."

चाचणी अजून चालू होती. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. गुणाजींनी मान तिरकी केली. कापड मिल बंद पडेपर्यंत ते सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होते. सूत कुठे उलटं फिरतंय, ते त्यांना न बघता कळायचं.

"हा पण मागे फिरतो वाटतं," ते म्हणाले.

पद्मजाने वरची वही उघडली. डिस्क जळण्याआधीच्या बॅकअपची नोंद, गुणाजींच्या गोल अक्षरात: टेप तीनदा मागे फिरली. आधीचं लिहिलेलं राहतं का, ते बघावे. पुढच्या पानावर तीच ओळ. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक पानाखाली 'पाहिले' आणि तिची सही. एकही नोंद तिला आठवेना. सह्या ती आठवड्याच्या एकदम करत असे, चहा पिता पिता.

"गुणाजी," तिने विचारलं, "ही वही चौकशीत का नाही दाखवलीत?"

"दाखवली ना, मॅडम." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन तिच्यापुढे धरलं. "चौकशीच्या साहेबांनी तुमची सही बघितली. म्हणाले, मॅडमनी रोज तपासलंय, म्हणजे यंत्रात काही खोट नव्हती."